पावसात न विझणारं स्वयंपाकघर

आईचं घर वर पोचलं, पण स्वयंपाकघराविना पोचलं, ही गोष्ट आमच्या नात्यात आता सर्वमान्य आहे. अंत्यविधीच्या दिवशी, आम्हा चिन्यांच्या रीतीप्रमाणे, तिला वर पोचावा म्हणून आणलेला कागदाचा दुमजली बंगला पेटवला. दिवाणखाना, दोन बेडरूम, मोटार आणि फाटकावरचा पहारेकरी जळून होतात न होतात तोच पाऊस आला. आमच्या पिनांग बेटावरचा पाऊस कुणाच्या घरी काय झालंय याची चौकशी करून येत नाही. मागच्या बाजूचं स्वयंपाकघर भिजलं, आणि काळ्या लगद्यासारखं खाली बसलं. झाडूवाल्यानं ते टोपलीत भरून नेलं.

त्यानंतर मोठ्या मावशीच्या स्वप्नात आई दर पंधरवड्याला यायला लागली. आई माझ्या स्वप्नात कधीच आली नाही. मावशी म्हणते, मी फार वाचते म्हणून.

"कढई हातात घेऊन उभी असते गं," मावशी सांगायची. "ठेवायला जागा नाही. आणि तोंड असं, गॅसवाला आला नाही की व्हायचं तसं."

ते तोंड मला माहीत होतं. त्यामुळे स्वप्नावर विश्वास नसला तरी तोंडावर ठेवावा लागला.

वर्षश्राद्ध जवळ आलं तशी मावशी कागदी सामानाच्या दुकानाचा कॅटलॉग घेऊन आली. तिनं एका पानाला आधीच कोपरा दुमडून ठेवला होता.

"हे बघ. डीलक्स. दोन मोलकरणी, वातानुकूलित, मागे पोहायचा तलाव."

"आईला पोहता येत नव्हतं."

"तिथे वेळच वेळ आहे. शिकेल."

"आणि मोलकरणी? तिच्या कढईला मी हात लावलेला चालायचा नाही तिला. दोन दिवसांत हाकलेल दोघींना."

"मग काय, बहीण माझी तशीच उभी राहू दे?"

"मी करते," मी म्हणाले. "स्वयंपाकघर मी करते. माझ्या हातानं."

मावशीनं कॅटलॉग मिटला. "तू?"

"मी कलावंत आहे, मावशी."

"ते माहीत आहे गं, ले फेंग. म्हणून तर विचारतेय."

इथे माझ्या कलेविषयी थोडं सांगायला हवं, कारण दुसरं कुणी सांगत नाही. मी रेखाटनं करते, लिनोच्या रबरासारख्या तक्त्यावर कोरून ठसे छापते आणि मातीची शिल्पं भाजते. सरकारी पत्रांत माझा उल्लेख 'उदयोन्मुख कलावंत' असा होतो. माझं वय त्रेचाळीस आहे. सूर्यानं उगवायला इतका वेळ लावला असता तर लोकांनी कंदील घेऊन जगायची सवय करून घेतली असती. आमच्या शहरातल्या मोठ्या गॅलरीचे यूजीन चीह यांनी एकदा माझी तिन्ही प्रकारची कामं शांतपणे पाहिली होती. मग हळुवार आवाजात ते म्हणाले होते, "तीन होड्यांत पाय आहे तुमचा. नेमका आवाज कुठला समजायचा?" पाय तीन कसे, हे मी विचारायला हवं होतं. पण असली उत्तरं मला नेहमी जिना उतरल्यावर सुचतात.

आई माझ्या प्रदर्शनाला एकदाच आली. ठेवणीतला ब्लाउज घालून आली, सगळं नीट पाहिलं, आणि माझ्या सर्वांत मोठ्या शिल्पापुढे थांबून तिनं विचारलं, "यात सूप राहील का?"

"नाही आई. त्याला भोकं आहेत. मुद्दाम ठेवलीत."

"मग बुजव ना."

एवढंच आमचं कलेवरचं संभाषण. तिच्या हयातीत तिच्या उपयोगाची एकही वस्तू माझ्या हातून झाली नाही, हे खरं. पण ती नाही म्हणून आता ते होऊ शकत नाही, हे मला मान्य नव्हतं. आमच्याकडे तरी तसा नियम नाही. आमच्याकडे मेलेल्या माणसाला घर, गाडी, मोबाइल, मोबाइलचा चार्जर सगळं पोचतं. मग एक चांगलं स्वयंपाकघर का पोचू नये?

मी रेखाटनाला बसले आणि बातमी गल्लीत गेली. पहिले आले ते खालच्या मजल्यावरचे खॉकाका. हे इमारतींच्या कामावर मुकादम होते. निवृत्त झाले, पण कानावरची पेन्सिल निवृत्त झाली नाही. खॉकाका चोवीस तास बनियनवर हिंडतात. आई होती तेव्हा मागच्या गल्लीच्या खिडकीतून तिचा रोजचा गजर असायचा, "खॉ! बायामाणसं राहतात इथं! शर्ट घाल!" काका वर बघून हात हलवायचे आणि बनियनवरच पुढे जायचे. अशी त्यांची पुष्कळ वर्षांची मैत्री.

"सांडपाणी कुठून काढलंस?" माझ्या कागदावर वाकून काकांनी विचारलं.

"काका, हे वर जायचंय."

"वर काय सांडपाणी नसतं? आणि ही तुळई तर हवेतच आहे. तुझ्या आईच्या, स्वी इमच्या डोक्यावर पडली तर?"

"पडली तर आता काय व्हायचंय तिला?" मावशी म्हणाली. मग स्वतःच डोळे पुसून तिनं पेन्सिल हातात घेतली. "शेगडी दाराकडे तोंड करून नको. लक्ष्मी बाहेर जाते. आणि शेगडीला खेटून मोरी कुठे काढतेस? पाणी आणि आग शेजारी ठेवली की घरात भांडणं."

"ती एकटी राहते तिथे. भांडेल कुणाशी?"

"तुझे बाबा आहेत ना तिथं."

हे मी विसरले होते. मोरी सरकवली. एकूण रेखाटनावर शिशापेक्षा रबर जास्त चाललं. खिडकी मात्र मी हलू दिली नाही. गल्लीच्या बाजूला, शेगडीच्या डाव्या हाताला, तिची होती तिथेच. पश्चिमेचं ऊन येईल, काका म्हणाले. येऊ दे, मी म्हणाले. शेजारणी बघतील, मावशी म्हणाली. ती त्यांना बघेल, मी म्हणाले. शेजारणी असतीलच तिथे काही.

मग ठसे. भिंतीवरच्या निळ्या फरशा, चालू वर्षाचं कॅलेंडर, बरण्यांवरच्या चिठ्ठ्या, आणि सगळ्यांत महत्त्वाची म्हणजे नावाची चिठ्ठी. वर पाठवायच्या प्रत्येक वस्तूवर घेणाऱ्याचं आणि पाठवणाऱ्याचं नाव लागतं, नाहीतर वाटेत भलताच कुणी उचलतो. मी हे सगळं लिनोवर कोरलं आणि पातळ कागदावर छापलं. शाई भांड्यांवर वापरते तीच, लोखंडाच्या गंजाची. फरशा निळ्याऐवजी तपकिरी आल्या, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कारण सगळे नावाच्या चिठ्ठीकडे बघत होते. नाव उलटं उमटलं होतं.

ठशाची अक्षरं उलटी कोरायची, म्हणजे छापल्यावर सुलट येतात, हे पहिल्या वर्गात पहिल्या दिवशी शिकवतात. शनिवारच्या शिकवणीत मी स्वतः शिकवते. बाकी सगळं मी उलटं कोरलं होतं, कॅलेंडरच्या तारखासुद्धा. आईचं नाव उलटं कोरायला हात वळला नाही, एवढंच.

"आरशातलं नाव झालं हे," मावशी म्हणाली. "तिथला पोस्टमन काय समजेल?"

मला खरं म्हणजे रडू येत होतं. पण तीन होड्यांत पाय असलेल्या बाईनं चौथ्या माणसासमोर रडू नये. मी चिठ्ठी उचलली आणि उजेडाकडे धरली.

"आई कुठे आहे?"

"पलीकडे."

"मग पलीकडून वाच."

मावशी उठून कागदाच्या मागे गेली. तिथून नाव सुलट दिसत होतं.  आणि मावशी हरली की दुसरीकडून हल्ला करते.

"आणि पुन्हा पाऊस आला तर? बांबूचा सांगाडा आणि तुझा हा पापडासारखा कागद!"

इथे माझा अपमान एका टोकाला पोचला असावा, कारण माझ्या तोंडून निघून गेलं, "मातीचं करते. मग कसं विझतं बघू!"

"विझेल कसं?" मावशी म्हणाली. "आधी पेटायला नको?"

मी बांधायला घेतलंच. माती लाटून भिंती उभ्या केल्या, छप्पर घातलं, शेगडी, कढई, बरण्या, मोरी आणि काकांच्या समाधानासाठी एक सांडपाण्याची नळी. हे काम चालू असताना मावशीनं एवढंच केलं की मला मंदिराच्या विश्वस्त कार्यालयात धाडलं. तिथे कागदी वस्तू जाळायच्या मोठ्या धुराड्यात मातीची वस्तू चालते का, ते विचारून ये म्हणाली.

कार्यालयातल्या क्वा साहेबांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या फलकाकडे बोट केलं. कागद, बांबू, कापड. बास.

"माती का नाही?"

"ताई, गेल्या वर्षी एकानं बापासाठी खराखुरा मोबाइल टाकला. बॅटरी फुटून धुराड्याचं दार उडालं. तेव्हापासून न जळणारं काही घेत नाही."

"पण हे जळतं. भट्टीत बाराशे अंशांवर. तुमच्या धुराड्यात किती अंश असतात?"

"अंश कोण मोजतो? जळल्यावर काय उरतं तुमच्याकडे?"

"वस्तू."

क्वा साहेबांनी चष्मा काढला. "ताई, सगळं उरणार असेल तर त्याला जळणं कसं म्हणायचं? आमचा विभाग धुराचा आहे. धूर झाला की आमचं काम झालं."

घरी येऊन हे सांगितलं तर मावशीनं मान डोलावली. "बरोबर बोलला. जळलं ते उरत नाही. उरलं ते गेलं नाही."

आई गेल्यापासून वर्षभर मी मरणावरची पुस्तकं वाचत होते. जाड पुस्तकं, मोठ्या विद्वानांची. इतक्या थोडक्यात कुणी लिहिलं नव्हतं. मी खोलीत गेले आणि ओल्या भिंतींसमोर बसले. बाजूला ठशांचे कागद पडले होते, वर ते उलटं नाव. शाई गंजाची होती आणि गंज आगीत जळत नाही. कागद जळतो. मी चिठ्ठी उचलली, पालथी केली, आणि दारावरच्या ओल्या मातीवर दाबून बसवली. मग फरशा, मग कॅलेंडर, मग बरण्यांच्या चिठ्ठ्या, सगळं पालथं. एकदा उलटलेलं नाव दुसऱ्यांदा उलटलं की सुलट होतं, हे मला शिकवणीत कुणी विचारलं असतं तर मी चटकन सांगितलं असतं. स्वतःसाठी सुचायला जरा वेळ गेला. कॅलेंडरच्या तारखा आणि बरण्यांच्या चिठ्ठ्या मात्र आता उलट्या होणार होत्या. तिथे तारखांची घाई कुणाला असते?

"मावशी, भट्टीत कागद जळून जाणार. शाई मातीत उतरणार."

"कागद जाणार? पूर्ण?"

"राखसुद्धा उरणार नाही."

"आणि नाव?"

"नाव दोन्हीकडे."

मावशीनं ओल्या दारावरून हलकेच बोट फिरवलं. मी धसकले, कारण तिचं बोट उमटलं. मग ती म्हणाली, "तर मग दोरी लागेल."

दोरीचं मी विसरलेच होते. घर जळत असताना नातेवाइकांनी लाल दोरी धरून भोवती कडं करायचं असतं, म्हणजे बेवारशी भुतं मधेच घुसून घर लाटत नाहीत. जळून होईपर्यंत कडं तुटता कामा नये. कागदाचा बंगला पाच मिनिटांत जळतो. माझी भट्टी उजाडल्यापासून दुपार कलेपर्यंत चालते.

भट्टी देवनची. गावाबाहेर, त्याच्या घरामागे, पत्र्याच्या छपराखाली. आम्ही मातीकाम करणारे भाडं देऊन तिथे भाजतो. त्यानं माझ्या भिंतीला गाल लावून पाहिला आणि म्हणाला, "अक्का, गार लागतेय. आतून ओली आहे अजून. फुटेल."

"वर्षश्राद्ध उद्या आहे. पुढे ढकलता येत नाही."

"फुटली तर बॉम्बसारखी फुटेल. दुसऱ्या कुणाच्या कप-बशा मी आत ठेवणार नाही. तुमचं एकटंच जाईल."

"एकटंच जायचंय ते," मी म्हणाले.

सकाळी आम्ही पोचलो ते वऱ्हाडासारखे. मावशी, खॉकाका, दोन मावसबहिणी, उदबत्त्या, संत्री, तांदळाचे लाल आंग कू केक, डबाभर बीहून शेवया आणि दोरी. मावशीनं भट्टीच्या दाराशी उदबत्ती लावली आणि मला पुढे ढकललं. "हाक मार. तीनदा. नाहीतर तिला कळणार कसं?"

मी जाहीर सभेत बोलले आहे, परिसंवादात बोलले आहे. इथे मात्र तोंडातल्या तोंडात निघालं.

"आई," मी म्हणाले. "स्वयंपाकघर घ्यायला ये."

"मोठ्यानं. तिला कमी ऐकू यायचं."

तिसरी हाक शेजारच्या डुरियनच्या बागेपर्यंत गेली. देवननं बर्नर पेटवला, आणि आम्ही कडं धरलं.

पहिला तास भक्तीत गेला. दुसऱ्यात मावसबहिणींनी नवऱ्यांविषयी बोलून घेतलं. तिसऱ्यात खॉकाकांना लघवीला जायचं झालं.

"कडं तुटेल!" मावशी ओरडली.

"अगं, वय झालं माझं. भुताला सांग, दोन मिनिटं थांब."

देवन भट्टीच्या तापमानाच्या काट्याकडे बघत उभा होता. मावशीनं दोरी त्याच्याकडे केली. तो संकोचला. "आजी, माझ्या हातून चिनी भूत अडेल का?"

"भुताला भाषा कळत नाही रे. दोरी कळते."

त्यानं धरली. एका हातात दोरी आणि दुसऱ्यात गॅसची चावी. आणि साधारण तेव्हाच यूजीन चीह आले. धाकट्या मावसबहिणीनं आमचा फोटो कुठेतरी टाकला होता, आणि हा माझा काहीतरी जिवंत कलाविष्कार आहे अशी त्यांची समजूत झाली होती. पांढरा शुभ्र शर्ट, गळ्यात कॅमेरा.

"विलक्षण," ते हळुवारपणे म्हणाले. "या वर्तुळाची संकल्पना..."

"नुसता उभा काय राहिलास?" मावशी म्हणाली. "धर."

यूजीन चीह यांनी देवनच्या हातातली दोरी धरली. सोडावी कधी हे त्यांना कुणी सांगितलं नाही. खॉकाका परत आले ते एका हातात बीहून घेऊन सावलीत बसले, आणि यूजीन त्यांच्या जागी उभेच.

दुपारी पाऊस आला.

तोच पाऊस. आधी डुरियनच्या पानांवर, मग पत्र्यावर, मग सगळीकडे. छप्पर भट्टीपुरतंच होतं, कडं त्याच्या बाहेर. मावशी भिजली, मावसबहिणी भिजल्या, यूजीन यांचा शर्ट अंगाला चिकटला. मावशी माझ्याकडे बघत होती. वर्षभरापूर्वी याच नजरेनं तिनं बंगल्याकडे पाहिलं होतं. मी भट्टीकडे पाहिलं. टेहळणीच्या भोकातून आतला उजेड नारिंगी, शांत, जागचा हलला नव्हता.

"पड," मी पावसाला म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले, "पड की! बघू काय करतोस!"

"ए, पावसाला शिव्या नको," काका सावलीतून म्हणाले.

"देऊ दे," मावशी म्हणाली. "पड रे मेल्या!"

कुणी दोरी सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी भट्टी निवल्यावर देवननं दार काढलं. सगळे पुन्हा आले होते, यूजीनसुद्धा, सर्दी घेऊन. भिंत फुटली नव्हती. छपराला एक केसाएवढा तडा गेला होता. फरशा तांबूस तपकिरी उतरल्या होत्या, आणि दारावर आईचं नाव होतं, सुलट, मावशीच्या बोटाच्या ठशासकट. कागद कुठेही नव्हता. मावशीनं आत, बाहेर, भट्टीच्या तळाशी, सगळीकडे शोधला.

"गेला," ती म्हणाली.

मग ती एकदम थांबली. "खिडकी बंद केली होतीस ना?"

केली होती. उघडी झडप भाजताना तुटते, म्हणून मी ती लावून ठेवली होती. आता ती बाहेरच्या बाजूला सताड उघडी होती.

"माती ओली होती," खॉकाका म्हणाले. "आचेनं वाकली."

"तुम्ही गप्प बसा," मावशी म्हणाली. "आल्या आल्या खिडकी उघडली तिनं."

माती ओली होती हे मलाही माहीत होतं. 

यूजीन चीह गुडघ्यांवर बसून पाहत होते. शिंक आवरून ते म्हणाले, "हे आम्हाला प्रदर्शनात हवंय. फक्त... पाटीवर माध्यम काय लिहायचं? रेखाटन, ठसा की शिल्प?"

मी तोंड उघडलं. पण मावशीच आधी बोलली. "डोळे फुटले का? स्वयंपाकघर आहे. तसं लिही."

"आणि नंतर... ते विकायचं आहे का?"

"विकायचं?" मावशीनं माझ्या दंडाला धरून मला जवळ ओढलं. "भाड्यानंसुद्धा मिळणार नाही. माणूस राहायला आलंय आत."

प्रदर्शनात ते गेलं नाही. माध्यमाच्या रकान्यात 'स्वयंपाकघर' लिहायची त्यांच्या समितीची तयारी नव्हती, आणि दुसरं काही लिहायची माझी नव्हती. मी अजून उदयोन्मुखच आहे. ते आमच्या मागच्या खोलीत, गल्लीच्या बाजूला ठेवलंय, झडप बाहेरच्या दिशेनं करून. कोण आलं, कोण गेलं, ते दिसायला हवं.

काकांना मी काही सांगितलं नाही, मावशीनंही नाही. पण खॉकाका आता मागच्या गल्लीत शिरले की कोपऱ्यावर क्षणभर थांबतात, वर बघतात, आणि खांद्यावरचा शर्ट अंगात घालून, वरचं बटण लावून मग पुढे जातात.